होम थिएटर प्रोजेक्टरचे रिझोल्यूशन

होम थिएटर प्रोजेक्टरचे रिझोल्यूशन म्हणजे घरगुती प्रोजेक्टर पडद्यावर उमटवत असलेल्या चित्रातील पिक्सेलांची संख्या होय. ती आडव्या व उभ्या पिक्सेलांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिली जाते. योग्य रिझोल्यूशन हे पडद्याचा आकार, प्रेक्षकाचे पडद्यापासूनचे अंतर आणि मूळ चित्राचा दर्जा यांवर अवलंबून असते.

प्रचलित प्रकार

• ७२०पी : १२८० × ७२० (सुमारे ९.२ लाख पिक्सेल)
• १०८०पी किंवा फुल एचडी : १९२० × १०८० (सुमारे २०.७ लाख पिक्सेल)
• ४के यूएचडी : ३८४० × २१६० (सुमारे ८२.९ लाख पिक्सेल)

मूळ आणि स्वीकार्य रिझोल्यूशन

प्रोजेक्टरमधील चिप किंवा एलसीडी पॅनेलवर प्रत्यक्ष असलेल्या पिक्सेलांच्या संख्येस मूळ रिझोल्यूशन म्हणतात. स्वीकार्य रिझोल्यूशन म्हणजे यंत्राला घेता येणारा सर्वाधिक रिझोल्यूशनचा संकेत. तो मूळ रिझोल्यूशनपेक्षा मोठा असल्यास यंत्र चित्र लहान करून दाखवते. त्यामुळे ‘४के सपोर्ट’ असे लिहिलेला प्रोजेक्टर प्रत्यक्षात ७२०पी असू शकतो.

काही प्रोजेक्टरांत पिक्सेल शिफ्ट हे तंत्र वापरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ०.४७ इंची डीएमडी चिपवर १९२० × १०८० सूक्ष्म आरसे असतात. ४के चित्रासाठी प्रत्येक फ्रेमच्या अवधीत प्रतिमा किंचित सरकवून चार जागी दाखवली जाते.

पडदा व अंतर

सामान्य निरोगी डोळा सुमारे १ कोनीय मिनिटाइतका तपशील ओळखू शकतो. १६:९ प्रमाणातील १०० इंच कर्णाचा पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद असतो. त्यावर १०८०पी चित्राचा एक पिक्सेल सुमारे १.१५ मिलिमीटरचा होतो आणि साधारण ४ मीटरपलीकडून तो वेगळा दिसत नाही. ७२०पी चित्रासाठी हे अंतर सुमारे ६ मीटर, तर ४के चित्रासाठी सुमारे २ मीटर येते. म्हणून अशा पडद्यापासून ४ मीटर किंवा अधिक अंतरावर बसणाऱ्यास ४केचा अतिरिक्त तपशील फारसा जाणवत नाही. ३ मीटरवर मात्र तो उपयोगी ठरतो. पडदा मोठा केल्यास ही अंतरे त्याच प्रमाणात वाढतात.

मर्यादा

७२० × ५७६ पिक्सेलांची पाल डीव्हीडी ४के प्रोजेक्टरवर लावल्याने चित्रात नवा तपशील निर्माण होत नाही. डिजिटल कीस्टोन दुरुस्तीत पॅनेलचा काही भाग वापराविना राहतो व प्रभावी रिझोल्यूशन घटते. खोलीतील उजेडाने काळा रंग फिका पडतो. ही उणीव जास्त पिक्सेलांनी भरून निघत नाही.