डेट्रॉईटचा ‘आपला माणूस’

नोव्हेंबर २०२२ मध्ये श्री ठाणेदार अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आमच्या वाचनालयातल्या एका मित्रानं माझ्या हातावर पेढा ठेवला. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र त्यानं दोनदा वाचलेलं. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मुलगा थेट वॉशिंग्टनला! ‘आपला माणूस,’ तो म्हणाला. चार वर्षं आधी, २०१८ मध्ये, असाच एक पेढा मी मावसभावाकडून खाल्ला होता. तेव्हा रशिदा तलैब निवडून आल्या होत्या. काँग्रेसवर गेलेल्या पहिल्या दोन मुस्लीम महिलांपैकी त्या एक. मावसभाऊही म्हणाला होता, ‘आपली आहे ती.’

गंमत अशी, की हे दोन्ही पेढे एकाच मतदारसंघाचे होते. मिशिगन राज्यातला १३ नंबरचा मतदारसंघ. म्हणजे डेट्रॉईट शहराचा मोठा भाग. मी मुसलमान आणि कविता मराठीत लिहितो. त्यामुळे मी कधी एका अंगणात ‘आपला’ असतो, तर कधी दुसऱ्या. म्हणूनच मला कुतूहल वाटलं, की ज्यांनी मतं दिली, त्या डेट्रॉईटकरांचा आपला माणूस कोण?

त्यासाठी जानेवारी १९५५ मध्ये जावं लागतं. त्या महिन्यात चार्ल्स डिग्ज यांनी या मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून शपथ घेतली. मिशिगनमधून काँग्रेसवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. वय ३२. घरचा धंदा अंत्यसंस्कारांच्या व्यवस्थेचा. मोटारींच्या कारखान्यांत काम शोधत दक्षिणेतून आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं डेट्रॉईटमध्ये वसली होती. आपल्या वस्तीतला कुणीतरी वॉशिंग्टनला बसलाय, हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या शिकागोच्या मुलाचा खून झाला. एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, एवढंच निमित्त. सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला आणि डिग्ज तिथे गेले. मिसिसिपी काही त्यांचा मतदारसंघ नव्हता. पण त्यांच्या मतदारांपैकी कितीतरी जणांचं मूळ गाव त्या बाजूला होतं. कृष्णवर्णीय माणूस खासदार असू शकतो, यावर कोर्टातल्या पोलिसांचा विश्वासच बसेना. शेवटी त्यांना जागा मिळाली ती कृष्णवर्णीय वार्ताहरांसाठी बाजूला मांडलेल्या पत्ते खेळायच्या एका छोट्या टेबलाशी. अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य तिथे दाटीवाटीनं बसला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीनं तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. निकाल डिग्ज यांना बदलता आला नाही. पण ते तिथे बसले होते, हे लोक विसरले नाहीत.

पुढे १९७१ मध्ये काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष डिग्जच झाले. आणि याच माणसानं कर्मचाऱ्यांचे पगार फुगवून वरची रक्कम स्वतःकडे वळवली. ऑक्टोबर १९७८ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना मोठ्या बहुमतानं निवडून दिलं! आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण याला मी निव्वळ भाबडेपणा म्हणणार नाही. त्या पत्त्यांच्या टेबलाचं देणं लोक फेडत असावेत. सभागृहानं १९७९ मध्ये ठपका ठेवला आणि १९८० मध्ये डिग्ज यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या जागी आले जॉर्ज क्रॉकेट. हे ७१ वर्षांचे, निवृत्त न्यायाधीश. तरुणपणी कम्युनिस्ट पुढाऱ्यांचं वकीलपत्र घेतलं आणि कोर्टाच्या अवमानाखाली स्वतः तुरुंगवास भोगला. मार्च १९६९ मध्ये एका चर्चच्या परिसरात एका पोलिसाचा खून झाला आणि पोलिसांनी आतल्या शंभरावर माणसांना सरसकट उचललं. क्रॉकेट सकाळी पोलीस मुख्यालयात गेले, तिथेच कोर्ट भरवलं आणि सुटका सुरू केली. त्यांना हटवण्यासाठी शहरात मोहीम निघाली. ते हटले नाहीत.

आता थोडं नंबराविषयी. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली, की मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखतात. सभागृहाच्या जागा ४३५ ठरलेल्या; एका राज्याच्या वाढल्या की दुसऱ्याच्या घटतात. १९५० मध्ये डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती. २०२० मध्ये उरली ती साधारण ६ लाख ३९ हजार. मिशिगनच्या जागा एकेकाळी १९ होत्या, त्या १३ वर आल्या. मध्ये दहा वर्षं तर १३ हा नंबर डेट्रॉईट सोडून शेजारच्या ॲन आर्बरकडे गेला आणि २००३ मध्ये परत आला.

क्रॉकेटनंतर बार्बरा-रोझ कॉलिन्स आणि कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक. किलपॅट्रिकबाईंचा मुलगा शहराचा महापौर. त्याच्या भानगडींची किंमत आईनं २०१० मध्ये मोजली. त्यांना हरवणारे हॅन्सन क्लार्क यांचे वडील आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे, आई कृष्णवर्णीय. म्हणजे ठाणेदारांच्या आधीही आपल्या उपखंडाचं रक्त या जागेवर बसून गेलंय. पेढे मात्र कुणी वाटले नाहीत. मग सीमा बदलल्या आणि १९६५ पासून सभागृहात असलेले जॉन कॉन्यर्स इथे आले. रोझा पार्क्स वीसहून अधिक वर्षं ज्यांच्या कार्यालयात काम करत होत्या, तेच कॉन्यर्स. स्त्रियांशी गैरवर्तनाच्या आरोपांमुळे त्यांना डिसेंबर २०१७ मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी ब्रेंडा जोन्स निवडून आल्या आणि जेमतेम पाच आठवडे बसल्या. त्यानंतर तलैब. त्यांचे पॅलेस्टिनी वडील फोर्डच्या कारखान्यातले कामगार.

२०२२ मध्ये पुन्हा नवा नकाशा आला. तलैब शेजारच्या १२ नंबरमध्ये गेल्या आणि इथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी नऊ जण उतरले. खरी लढत हीच, नोव्हेंबर नावापुरता. अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं फुटली. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर खर्च केले आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते पुढे निघाले. त्यांची जिद्द खोटी नाही. पण तीन-चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय वस्तीच्या या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी जानेवारी २०२३ मध्ये सभागृहात नव्हता. १९५५ नंतर हे पहिल्यांदाच घडलं.

२०२४ मध्ये ठाणेदार पुन्हा निवडून आले. मित्रानं पेढे आणलेच. मी त्याला सांगितलं, की डिग्ज यांनी शपथ घेतली ती जानेवारी १९५५ मध्ये, आणि तुझे ठाणेदार जन्मले त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘त्या पत्त्यांच्या टेबलाचं पुन्हा एकदा सांग.’