सरावपाठ आणि प्रयोगाचं टेबल

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात पदवीधरांमधून माध्यमिक शिक्षक घडवणारी महाविद्यालयं सहा होती : मद्रासजवळचं सैदापेठ, राजमहेंद्री, कर्सियांग, अलाहाबाद, लाहोर आणि जबलपूर. या यादीत मुंबई नाही, पुणंही नाही. ज्या इलाख्यात १८५७ पासून विद्यापीठ होतं, तिथे पदवीधरालाही शिकवायला शिकावं लागतं ही गोष्ट पटायला फार वेळ लागला. बी.ए. झालेला माणूस वर्गात उभा राहिला की शिकवणारच, असं सगळे धरून चालत. १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांसाठी वेगळा, कमी मुदतीचा प्रशिक्षणक्रम असावा असं सुचवलं होतं. १९०४ साली कर्झनच्या सरकारने शैक्षणिक धोरणाच्या ठरावात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जोर दिला आणि १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. आपल्याकडच्या बी.एड.चा इतिहास सुरू होतो तो इथून.

मी रसायनाची बी.एस्सी., नंतर बी.एड. काही वर्षं हायस्कूलात शास्त्र शिकवलं आणि पुढची सगळी नोकरी कोल्हापूरकडच्या एका बी.एड. कॉलेजात ‘शास्त्र अध्यापन पद्धती’ शिकवण्यात गेली. त्यामुळे या इतिहासाकडे मी एकाच जागेवरून बघते, ती म्हणजे प्रयोगाचं टेबल. मला दिसतं ते असं : रसायनाचा शिक्षक पहिल्यापासून दोन ठिकाणी घडत आला. विज्ञान महाविद्यालयाने म्हटलं, आम्ही विषय दिला, शिकवायचं कसं ते बी.एड.वाले बघतील. बी.एड.ने म्हटलं, विषय तुम्हाला येतोच, आम्ही पद्धत देतो. रसायन वर्गापुढे करून कसं दाखवायचं हे ज्ञान या दोन्हींच्या मधलं आहे, आणि त्याची जबाबदारी पुरतेपणी कुणीच घेतली नाही.

जुन्या बी.टी.ची, म्हणजे बी.एड.च्या आधीच्या पदवीची, प्रतिष्ठा मोठी होती. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर पाटीवर नावापुढे ‘बी.ए., बी.टी.’ असायचं आणि त्या दोन अक्षरांना गावात वजन असायचं. माझे थोरले मामा असेच बी.टी. त्यांच्या पाठ टाचणाच्या वह्या आजोळी माळ्यावर होत्या, त्या मी कॉलेजात असताना वाचून काढल्या. सुरेख वळणदार अक्षर. प्रत्येक पाठाची तीच चाल : प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट आणि त्याच्या शिष्यांनी बसवलेल्या पायऱ्या इंग्लंडमार्गे आपल्याकडे आल्या आणि मराठीत इतक्या रुळल्या की निम्म्या शिक्षकांना त्यांचं मूळ गाव ठाऊक नसे. इतिहासाच्या किंवा व्याकरणाच्या पाठाला ही चाल बरी जमते. रसायनाला ती घालताना मामांचीही ओढाताण झालेली दिसे. प्रयोगाचा सगळा मजकूर ‘विषयप्रतिपादन’ या एका मथळ्याखाली कोंबलेला, आणि समासात मार्गदर्शकाचा शेरा फक्त फलकलेखनावर.

याच काळात इंग्लंडात हेन्री आर्मस्ट्राँग नावाचा रसायनशास्त्रज्ञ सांगत होता की मुलांना निष्कर्ष सांगू नका, त्यांना शोधायला लावा. लोखंड का गंजतं? खडू म्हणजे नेमकं काय? मुलांनी तराजू घ्यावा, तापवावं, मोजावं, लिहून काढावं. ही स्वयंशोधन पद्धती म्हणून आपल्या प्रत्येक बी.एड.च्या पुस्तकात आली, गुण-दोषांसकट. परीक्षेत तिच्यावर टीप लिहा असा प्रश्न हमखास असे आणि विद्यार्थी ती छान लिहीत. पण त्या पद्धतीने एखादा पाठ प्रत्यक्ष घ्यायला लावणारं कॉलेज विरळा. मला याचं वाईट वाटत आलं आहे, कारण रसायन शिकवण्याची म्हणून एक खास वाट जर कुणी काढली असेल तर ती आर्मस्ट्राँगने, आणि आपण तिची टीप केली.

मधलं ज्ञान म्हणजे काय, ते एका पाठावरून सांगते. नववीचा पाठ, ऑक्सिजन तयार करणे. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड, वजनाने साधारण चारास एक. बी.एस्सी. झालेल्या कुणालाही समीकरण येतं, उत्प्रेरकाची व्याख्या येते. पण मँगनीज डायऑक्साइड ही काळी पूड. शाळेच्या कपाटात तिच्याशेजारी कोळशाची पूडही काळीच, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. क्लोरेटमध्ये चुकून कोळसा मिसळून तापवला तर स्फोट होतो. म्हणून मिश्रणाची चिमूटभर आधी उघड्या परीक्षानळीत तापवून बघायची, मगच मोठी नळी भरायची. नळी जाड काचेची, तोंडाकडे जरा उतरती धरलेली. पहिले बुडबुडे सोडून द्यायचे, ती नळीतली हवा असते. वायुपात्रं भरली की आधी वाहकनळी पाण्यातून बाहेर काढायची आणि मग दिवा बाजूला करायचा. क्रम उलटला तर थंड होणारी नळी पाणी आत ओढून घेते आणि तडकते. शेवटी वायुपात्रात विझत आलेली उदबत्ती घालायची. ती भप्पकन पेटते तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उभी राहतात, आणि त्याच क्षणी प्रश्न विचारायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. यातलं बी.एस्सी.च्या जर्नलात थोडंच असतं आणि बी.एड.च्या पुस्तकात काहीच नसतं.

मला हे शिकवलं ते माझ्या पहिल्या शाळेतल्या प्रयोगशाळा परिचरांनी. सातवी शिकलेले काका. ‘बाई, नळी आधी, दिवा मग,’ हे त्यांचं वाक्य मी पुढे प्रत्येक बॅचला ऐकवलं.

स्वातंत्र्यानंतर विषय आणि पद्धत यांच्यातल्या या फटीकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं गेलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांचा आग्रह धरला. त्या शाळांना विषय पक्का असलेले शिक्षक हवेत म्हणून एन.सी.ई.आर.टी.ने १९६३ पासून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या वाट्याला. त्यांचा चार वर्षांचा बी.एस्सी. बी.एड. अभ्यासक्रम मला आजही आपल्या शिक्षक-शिक्षणातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. रसायन आणि अध्यापन एकाच छताखाली, आणि त्याच आवारात प्रात्यक्षिक शाळा. अठराव्या वर्षी मुलगा रसायन शिकताना आपण हे कुणाला तरी शिकवणार आहोत हे मनात धरून शिकतो. भोपाळला श्यामला हिल्सवरच्या त्या आवारात एका उद्बोधन वर्गाला गेले होते. तिथे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी अनुमापन करता करता शेजारणीशी वाद घालत होती, की आम्लारीचा थेंब पडताना रंग क्षणभर येतो आणि जातो, तो मुलांना मुद्दाम दाखवायचा की गोंधळ नको म्हणून टाळायचा. बी.एस्सी.च्या माझ्या तीन वर्षांत असा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. आम्हाला फक्त अचूक मापन हवं होतं.

पण चार महाविद्यालयं देशाला किती पुरणार? बाकी सगळा देश पदवीनंतरच्या एका वर्षाच्या बी.एड.वरच चालला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने स्पष्ट म्हटलं, की प्रशिक्षण महाविद्यालयं विद्यापीठापासून तुटलेली आहेत, शाळांपासून तुटलेली आहेत आणि एकमेकांपासूनही. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभारणारे. खेड्यातली शाळा त्यांनी जवळून पाहिली होती, म्हणून त्या अहवालातलं तुटलेपण मला वाचताना नुसतं कागदी वाटत नाही. त्याच दशकात विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. अमेरिकेतल्या केम स्टडी प्रकल्पाची प्रयोगातून विचाराकडे जाणारी पुस्तकं तिथे शिक्षकांच्या हाती पडली. माझ्या बी.एड.च्या सरांनी असा एक वर्ग केला होता. ते त्या आठवड्यांबद्दल बोलायला लागले की तास संपून जायचा.

महाराष्ट्रात खरी उलथापालथ केली ती दहा अधिक दोनच्या आकृतिबंधाने. १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचं झालं. एकाएकी प्रत्येक हायस्कूलला विज्ञान शिक्षक हवा झाला. शिवाय एक विभागणी झाली, जी आजही आहे. ‘रसायनशास्त्राचा शिक्षक’ या नावाने माणूस अकरावीपासून पुढे नेमला जातो, तो एम.एस्सी. बी.एड. आठवी ते दहावीला एकच विज्ञान शिक्षक. वनस्पतीशास्त्र घेऊन पदवी झालेली बाई रासायनिक समीकरणांचं संतुलन शिकवते आणि रसायनवाला गुरुजी पेशीविभाजन. बी.एड.ला मात्र दोघांची ‘विज्ञान पद्धती’ एकच. रसायनाची पहिली ओळख ज्या वयात होते, त्या वयाच्या मुलांपुढे रसायनात मुरलेला शिक्षक असेलच याची हमी आपली व्यवस्था देत नाही. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा तोटा, आणि त्याच्यावर बोललं जातं सर्वांत कमी.

पाठ घेण्याच्या पद्धतीतल्या सुधारणाही एकामागून एक आल्या. १९५७ च्या सुमारास अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात येऊन गेले होते. त्यांच्या वर्गीकरणातून ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टं आणि त्यांखालची ‘स्पष्टीकरणे’ टाचणात शिरली. मग स्टॅनफर्डहून बडोद्यामार्गे सूक्ष्म अध्यापन आलं. सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच मित्र, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा पाठ, पुन्हा प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रबलन, दिग्दर्शन ही कौशल्यं सुटी सुटी घोटवली जात. मी ती मनापासून शिकवली, कारण भित्र्या मुलांचा आवाज त्यातून मोकळा होतो हे मी पाहिलं आहे. पण दिग्दर्शनाचं कौशल्य सहा मिनिटांत, मित्रांपुढे, पाण्याचा नळ नसलेल्या वर्गात घोटवायचं म्हणजे प्रयोग निवडायचा तो लिटमसचाच. ऑक्सिजन त्या चौकटीत बसतच नाही. नंतर आपल्या विद्यापीठांनी आशययुक्त अध्यापन आणलं, पाठ्यपुस्तकातल्या घटकाची तथ्यं, संकल्पना, सामान्यीकरणं वेगळी करून पद्धत ठरवायची. विषय आणि पद्धत यांच्यातली फट बुजवायचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. मात्र तोही तक्त्यात झाला, टेबलावर नाही.

एका सरावशाळेतला प्रसंग सांगते. माझ्या एका छात्रशिक्षकाने हायड्रोजनचा पाठ काढला होता. टाचण निर्दोष : शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, सगळे रकाने भरलेले. प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. तास पस्तीस मिनिटांचा. त्याने चित्राचा तक्ता लावून पाठ पार पाडला आणि निरीक्षणवहीच्या सगळ्या निकषांवर तो उत्तम ठरला. निकषांत ‘शैक्षणिक साधनाचा वापर’ होता, आणि तक्ता हे साधनच. दुपारी मी किल्ली मिळवली आणि त्याला तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घ्यायला लावला. जस्ताचे तुकडे, विरल आम्ल, वुल्फची बाटली. वायू परीक्षानळीत धरून ज्योतीशी नेला की आधी ‘पॉप’ असा आवाज येतो. दर वेळी नवी नळी भरून, तो शांत जळेपर्यंत थांबायचं, कारण हवेत मिसळलेला हायड्रोजन बाटलीत पेटला तर बाटली राहत नाही. मुलगा घामाघूम झाला. फळ्यावरचं अक्षर बिघडलं, संकलन राहून गेलं. निरीक्षणवहीप्रमाणे हा पाठ सकाळच्यापेक्षा कमी गुणांचा. मी त्याला जास्त गुण दिले आणि शेऱ्यात कारण लिहिलं.

नव्वदनंतर विनाअनुदानित अध्यापक महाविद्यालयांचं पेव फुटलं. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला (एन.सी.टी.ई.) मान्यतेचे अधिकार मिळाले होते, तरी ते आवरेना. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग बसला आणि २०१२ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या आंतरवासितेचे आठवडे वाढले. वेळ वाढला हे फार चांगलं झालं. माझ्या वेळचा छात्रशिक्षक शाळेत पाहुण्यासारखा जाऊन पाठ घेऊन परत येई. आताचा निदान शाळेचं कपाट कुठलं आणि किल्ली कुणाकडे हे शिकून येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे वळण घेतलं आहे. भोपाळ-म्हैसूरला १९६३ पासून जे रुजवलं, ते आता सगळीकडे न्यायचं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे आणि एक काळजीही. महाराष्ट्रात २०१७ पासून शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. संगणकावर दोनशे प्रश्न, आणि त्यांत रसायनाचा एकही नाही. भरती ज्या परीक्षेवर, तयारी त्याच परीक्षेची होते, हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. म्हणून नवे अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. रसायन घेणाऱ्या प्रत्येक छात्रशिक्षकाने शालेय पुस्तकातले सगळे प्रयोग खऱ्या वर्गापुढे, खऱ्या घंटेच्या वेळेत करून दाखवल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळू नये. परीक्षकाने टाचणाची वही मागाहून बघावी. आधी त्याला दोन काळ्या पुडी द्याव्यात, चिठ्ठ्या नसलेल्या, आणि यातली मँगनीज डायऑक्साइड कोणती ते मुलांसमोर सुरक्षितपणे कसं ठरवशील, असं विचारावं.