छातीतील नळी : गंभीर गुंतागुंती

फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साठलेली हवा, रक्त, पाणी किंवा पू काढण्यासाठी दोन बरगड्यांमधून घातली जाणारी नळी. रुग्णालयांत तिला ‘आयसीडी’ म्हणतात. तिचे बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली असते; म्हणून आतली हवा बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही. हँबर्गचे गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी छातीत पू झालेल्या रुग्णांसाठी ही बंद पद्धत वापरली आणि १८९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. अपघात विभागात आज ती नेहमीची आहे व असंख्य जीव वाचवते. गंभीर अपाय क्वचितच होतो, पण झाला तर हाताशी वेळ फार थोडा असतो.

अवयवांना इजा : नळी यकृतात, प्लीहेत, जठरात, फुप्फुसात, अगदी हृदयातही शिरल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक वेळा जागा फार खाली निवडलेली असते किंवा जोर जास्त लागलेला असतो. पूर्ण उच्छ्वासात डायफ्रॅम, म्हणजे छाती व पोट यांमधला पडदा, स्तनाग्राच्या पातळीपर्यंत चढू शकतो. गरोदरपणात किंवा पोट फुगलेले असताना तो आणखी वर असतो. म्हणून काखेखालचा ‘सुरक्षित त्रिकोण’ ठरला आहे : पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या रुंद स्नायूची, खाली स्तनाग्राची पातळी. टोकदार सळईवर, म्हणजे ट्रोकारवर, बसवलेली नळी जोराने आत ढकलणे सर्वांत घातक. चिमट्याने स्नायू विलग करून नळीआधी बोट आत फिरवणे, ही यातली सर्वांत मोलाची खबरदारी. छातीला चिकटलेले फुप्फुस बोटाला लागते. अपघातात डायफ्रॅम फाटून वर सरकलेले जठरही लागते. एक्स-रेत तेच जठर साठलेल्या हवेसारखे दिसून फसवू शकते.

ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने मे २००८ मध्ये याबाबत इशारा काढला. जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात नळी घालताना झालेले १२ मृत्यू व गंभीर इजेच्या १५ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. नवख्या डॉक्टरांवर देखरेख हवी आणि पाणी काढताना सोनोग्राफीची मदत घ्यावी, यावर तिचा भर होता.

रक्तस्राव : प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला धमनी असते, म्हणून नळी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. वृद्धांत ही धमनी नागमोडी झालेली असते, तेव्हा एवढी काळजीही कधी अपुरी पडते.

फुप्फुससूज : अनेक दिवस दबलेले फुप्फुस एकदम उघडले की त्यात पाणी भरू शकते. नेमक्या कारणाबद्दल एकमत नाही. एका वेळी सुमारे दीड लिटर पाणी निघाल्यावर थांबावे, आणि त्याआधीच खोकला किंवा छातीत आवळल्यासारखे झाले तर तेव्हाच थांबावे, असा संकेत आहे.

नळी चिमटणे : बुडबुडे येत असलेली नळी रुग्णाला हलवताना कधीही चिमटू नये. आत हवा कोंडून हृदयावर दाब येतो. बाटली छातीपेक्षा खाली ठेवून नळी उघडीच न्यावी.

मज्जातंतूंना इजा : विरळ.

सुईने हवा काढणे : नळी घालण्याआधी कोंडलेली हवा तातडीने सोडण्यासाठी सुई पूर्वी दुसऱ्या बरगडीखाली, हंसळीच्या मध्यरेषेत टोचत. छातीची भिंत जाड असेल तर ती आत पोचत नसे, आणि उरोस्थीकडे सरकली तर मोठ्या रक्तवाहिनीला लागण्याचा धोका असे. एटीएलएस या अपघातग्रस्तांवरील उपचारांच्या प्रशिक्षणक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने प्रौढांसाठी ही जागा बदलून काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखाली नेली. लहान मुलांसाठी जुनीच जागा कायम ठेवली.