चॉकलेटची चव कुठे तयार होते?

आकुर्डीहून लोणावळा लोकलने तळेगावला उतरले, की चाकणच्या रस्त्यावर इंद्रायणीकाठी इंदोरी गाव लागते. तेथील कॅडबरीच्या कारखान्यामुळे आपल्या भागातल्या मुलांना चॉकलेट म्हणजे यंत्रांची करामत वाटते. ते खरे, पण अर्धेच. बिया कारखान्यात शिरण्याआधीच, शेतावरच्या पेटीत, चवीचे निम्मे काम झालेले असते. हे नीट उमगायला रसायनशास्त्रज्ञांना अर्धशतक लागले.

1912 साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये बेनब्रिज आणि डेव्हिस यांनी कोकोच्या बियांपासून ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल वेगळे केले. टनावारी बियांतून हाती आले ते अगदी थोडे. त्यात लिनॅलूल सापडले. पण लिनॅलूलला फुलांसारखा वास येतो, चॉकलेटचा नव्हे! त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई कामीय मायार यांनी साखर व अमिनो आम्ले एकत्र तापवली, की मिश्रण तपकिरी होते असे दाखवले. (भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंगपणा याच अभिक्रियेतला.) मायार यांच्या डोळ्यांसमोर कोको नव्हता. हे दोन धागे जुळायला 1960चे दशक उजाडावे लागले.

किण्वन न झालेली बी कितीही भाजली तरी तिला चॉकलेटचा वास येत नाही, हे अनुभवाने ठाऊक होते. टी. ए. रोहन यांनी त्यामागची द्रव्ये शोधली. किण्वनात बीमध्ये सुटी अमिनो आम्ले आणि साध्या शर्करा तयार होतात, आणि भाजताना त्या खर्ची पडतात.

किण्वन म्हणजे काय? फळ फोडून गरासकट बिया पाच-सहा दिवस ढिगात किंवा पेटीत ठेवतात. यीस्ट गरातल्या साखरेचे अल्कोहोल करते, जिवाणू त्याचे असेटिक आम्ल करतात आणि ढीग 45 ते 50 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. आम्ल आत झिरपते, बी मरते, पेशींची पटले फाटतात; मग विकरे साठवणीच्या प्रथिनांचे तुकडे करतात. रुजण्यासाठी ठेवलेली शिदोरी अशी चवीच्या कामी येते. पुढे भाजताना ल्युसिनपासून माल्टच्या वासाचे, तर फेनिलॲलनिनपासून मधाच्या वासाचे अल्डिहाइड बनते.

गॅस क्रोमॅटोग्राफी (1952) आल्यावर अशा संयुगांची यादी वाढत गेली, ती सहाशेच्या घरात पोचली. 'चॉकलेटचे' असे एकही संयुग त्यात नाही. जर्मनीत पीटर शीबर्ले यांच्या गटाने प्रत्येक घटक हुंगून तपासला. चॉकलेटचा वास जुळवायला पंचवीसेक घटक पुरतात असे त्यांना आढळले. त्यांतले काही सुटे हुंगले तर घामाची किंवा शिजवलेल्या कोबीची आठवण होते. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट आहे ही.

पण पेटीचा प्रश्न नुसता रसायनाचा नाही. 1965पासून कॅडबरीने केरळात कोकोच्या लागवडीला चालना दिली. नारळाच्या बागेत थोडीच झाडे असणाऱ्याकडे एका वेळी मोठा ढीग जमत नाही, आणि ढीग लहान असला तर उष्णता टिकत नाही. म्हणून अनेकांनी ओल्या बियाच विकल्या. चवीचे निम्मे काम, आणि त्याचे पैसेही, दुसऱ्याच्या हाती गेले. ओली बी राखून ठेवता येत नाही. 1980च्या सुमारास भाव कोसळले तेव्हा कित्येकांनी झाडेच तोडली. केरळ कृषी विद्यापीठाने थोड्या बियांसाठी केळीची पाने अंथरलेल्या लहान टोपलीत किण्वन करण्याची पद्धत बसवली.