मॉनिटर निवडताना आकारापेक्षा अंतर महत्त्वाचे

जयपूर : बत्तीस इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून लहान मॉनिटरना ही सवलत २०१९ पासूनच लागू आहे. त्यामुळे आता मोठ्या पडद्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र, दिवसा कार्यालयीन काम आणि रात्री गेमिंग यांसाठी एकच मॉनिटर वापरायचा असेल, तर डोळ्यांना व मानेला मिळणारा आराम हा आकार, रिझोल्यूशन आणि बसण्याचे अंतर यांच्या मेळावर अवलंबून असतो.

राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेल्या येथील मानसरोवरसारख्या निवासी वसाहतींत कामाचे टेबल बहुधा भिंतीला टेकलेले असते. टेबल ६० सेंटिमीटर खोल असल्यास डोळे आणि पडदा यांत जेमतेम हातभर अंतर राहते. बत्तीस इंची मॉनिटर सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो. इतक्या जवळून तो पाहताना मान सतत वळवावी लागते. सत्तावीस इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असून तो अशा टेबलाला अधिक मानवतो.

अक्षरांची सुस्पष्टता दर इंचातील पिक्सेलवर ठरते. १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या २४ इंची पडद्यावर ही संख्या ९२ असते. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणल्यास ती ८२ होते आणि अक्षरांच्या कडा खडबडीत दिसू लागतात. २५६० × १४४० रिझोल्यूशनमध्ये ती १०९ होते. ‘फोर-के’ पडद्यावर मजकूर आणखी रेखीव दिसतो. परंतु गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाला सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात.

रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असल्यास प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, तर १४४ हर्ट्झवर ते ६.९ मिलिसेकंदांत बदलते. गेमिंगसाठी हा फरक मोठा असून मजकूर वर-खाली सरकवतानाही तो जाणवतो. मात्र, नवा मॉनिटर जोडल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये हा दर स्वतः निवडावा लागू शकतो. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून ‘फोर-के’ चित्र केवळ ३० हर्ट्झने मिळते, हेही आधीच तपासावे.

आयपीएस पॅनेलमध्ये बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद दिसतो. पण स्वस्त मॉनिटरमध्ये वेगवान दृश्यांमागे सावली रेंगाळते. ओएलईडी सर्वांत चपळ असले, तरी दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या टास्कबारसारख्या चित्राचा कायमचा ठसा पडण्याची जोखीम त्यात असते. त्यामुळे मिश्र वापरासाठी आयपीएस हा सुरक्षित पर्याय ठरतो.

पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होत नाही, अशी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मोलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. डोळे शिणण्याचे मुख्य कारण पापण्यांची कमी झालेली उघडझाप हे असते. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहणे हा त्यावरील सोपा उपाय होय. याशिवाय, प्रकाश कमी केल्यावरही न लुकलुकणारा मॉनिटर घेणे हितकारक ठरते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. त्यासाठी उंची बदलता येणारा स्टँड किंवा पाठीमागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे आवश्यक आहेत. जयपूरच्या प्रखर उन्हात खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला असावी आणि पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसावा.

मानसरोवरहून चांदपोलपर्यंत २०१५ पासून मेट्रो धावत असल्याने शहरातील दुकानांत जाऊन मॉनिटर चालू स्थितीत पाहणे शक्य आहे. तेथे स्वतःच्या कामाचा मजकूर नेहमीच्या अंतरावरून वाचून पाहावा. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासावा आणि निकामी पिक्सेल आढळल्यास मॉनिटर बदलून देण्याच्या अटी खरेदीपूर्वीच लेखी घ्याव्यात.