ईएससीचा पिवळा लाईट लागला? आधी हे तपासा

पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं ठरलंय, गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरचा एक पिवळा लाईट विझतच नाही. चित्रात गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेषा. हा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणजे ईएससीचा लाईट. कंपनीनुसार त्याला ईएसपी, व्हीएससी किंवा व्हीएसए असंही म्हणतात. गाडी नेहमीसारखीच चालते, म्हणून अनेक जण तसेच निघतात. घाटात नेमकं तेच महागात पडू शकतं.

ईएससी करतं काय?

चाकांचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजतात, स्टिअरिंगचा सेन्सर तुम्हाला कुठे वळायचंय ते सांगतो आणि यॉ सेन्सर गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते सांगतो. दोन्हींत फरक पडला की सिस्टीम एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि गरज पडल्यास इंजिनची ताकद कमी करते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरलं जातं. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझने हे तंत्र बाजारात आणलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये ३ किंवा जास्त स्टार हवे असतील, तर गाडीत ईएससी असावंच लागतं.

लाईट कसा लागलाय ते बघा

- चालताना लुकलुकतोय : बिघाड नाही. चाक घसरतंय आणि ईएससी काम करतंय. ॲक्सिलरेटर हळूच सोडा.
- सोबत ‘ऑफ’ लिहिलंय : बहुतेक वेळा बटण चुकून दाबलं गेलेलं असतं. ते पुन्हा दाबा.
- सतत पेटलेला आहे : सिस्टीममध्ये दोष आहे आणि ईएससी बंद आहे. साधे ब्रेक चालतात.
- एबीएसचा लाईटही आहे : जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.
- ब्रेकचा लाल लाईटही आहे : हँडब्रेक ओढलेला नाही ना, ते बघा. नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. ब्रेक ऑईल कमी झालेलं असू शकतं.

घरच्या घरी काय तपासाल?

१. गाडी बंद करून पुन्हा सुरू करा. थोडं अंतर चालवूनही लाईट राहिला तर पुढे जा.

२. नुकतीच बॅटरी बदलली किंवा जंप स्टार्ट केलं का? काही गाड्यांत स्टिअरिंगचा सेन्सर मधली जागा विसरतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, मग थोडं सरळ चालवा.

३. चारही टायर एकाच साइजचे आहेत का? हवा सारखी आहे का? वेगळ्या साइजच्या टायरमुळे चाकांचे वेग जुळत नाहीत.

४. व्हील अलाइनमेंटनंतर लाईट लागला असेल, तर स्टिअरिंग सेन्सर स्कॅनरने कॅलिब्रेट करून घ्या.

५. चाकाजवळची वायर बघा. चिखल, खड्ड्यांचे दणके आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, तिघेही ती खराब करतात.

६. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे बघा. ब्रेक पेडलच्या स्विचमधला दोषही हा लाईट लावू शकतो.

मोबाईलचा स्कॅनर चालेल का?

स्वस्त ब्लूटूथ ओबीडी ॲडॅप्टर बहुधा ‘पी’ने सुरू होणारे इंजिनचे कोडच वाचतात. ईएससीचे कोड सहसा ‘सी’ने सुरू होतात. उदाहरणार्थ, सी००३५ हा पुढच्या डाव्या चाकाच्या वेग सेन्सरचा कोड. त्यामुळे ॲपमध्ये ‘नो फॉल्ट’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. गॅरेजमध्ये एबीएस मॉड्यूल स्कॅन करायला सांगा आणि कोडचा फोटो घ्या. नुसता कोड पुसून घेऊ नका, कारण दोष तसाच राहतो. कोड सेन्सरचा असला तरी आधी वायर आणि कनेक्टर तपासायला सांगा. कधी कधी सेन्सर ठीक असतो आणि फक्त कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं.

तोपर्यंत गाडी चालवायची का?

फक्त ईएससीचाच लाईट असेल, तर शहरातल्या शहरात सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पण ओला घाट, एक्सप्रेसवे किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार टाळा. तिथे अचानक स्टिअरिंग वळवावं लागलं, तर गाडी सावरायला तुम्ही एकटेच असाल. ताम्हिणी पुढच्या शनिवारीही तिथेच असेल.