फळबाग लागवड योजना (महाराष्ट्र)

फळबाग लागवड योजना ही महाराष्ट्र शासनाने १९९० साली रोजगार हमी योजनेशी सांगड घालून सुरू केलेली योजना आहे. आंबा, काजू, चिकू यांसारख्या बहुवार्षिक फळझाडांचे उत्पन्न हाती येण्यास काही वर्षे लागतात. तोवर खड्डे, कलमे, खते, पाणी व राखण यांवर खर्च होतच राहतो. इतका काळ भांडवल गुंतवून ठेवणे अल्पभूधारकास परवडत नाही. ही अडचण अनुदानाने दूर होते. ते तीन वर्षांत, जगलेल्या झाडांच्या प्रमाणानुसार दिले जात असल्याने लावणीइतकेच जोपासनेलाही महत्त्व येते. कोकणातील आंबा-काजूचे क्षेत्र या योजनेमुळे वाढले. मनरेगाच्या लाभास पात्र नसलेल्या शेतकऱ्यांसाठी २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली.